सायनसच्या ऑपरेशननंतर नाकात सोडलेलं पाणी नक्की कुठपर्यंत पोचतं?

दादाचं सायनसचं ऑपरेशन झालं आणि डिस्चार्जच्या फाईलमध्ये एकच ओळ होती, नेझल वॉश (म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक आतून धुणं) दिवसातून दोनदा. कशाने करायचा, किती पाण्याने, मान कशी ठेवून, काहीच नाही. मेडिकलमधून सलाईनचा स्प्रे आणला आणि दादा आठ दिवस तोच मारत बसला, सातपूरला कंपनीत जायला लागल्यावर धूळ पण होतीच, आणि तपासणीला गेलो तर आत खपल्याच खपल्या. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघत त्या एकेक काढल्या तेव्हा त्याच्या डोळ्यातून घळाघळा पाणी आलं. मला ते बघवलं नाही, घरी आले आणि ह्या विषयावर जे सापडेल ते वाचायला बसले.

आपण म्हणतो "मला सायनस आहे", पण सायनस सगळ्यांनाच असतात. चेहऱ्याच्या हाडात पोकळ्या आहेत, गालात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे आणि त्याच्याही मागे पार आत, आणि प्रत्येकीचं नाकात उघडणारं एक बारीक दार. गालातल्या सायनसचं दार तर जेमतेम 2-3 मिलिमीटरचं. ऑपरेशनमधे मुख्य काम हेच, की ही दारं मोठी करायची. का, तर ते कळायला घरी एक प्रयोग करून बघा, मी वहिनीच्या ओट्यावरच केला.

आय ड्रॉप्सची रिकामी बाटली घ्या, एका मोठ्या पातेल्यात हळदीचं पाणी करा आणि बाटली न दाबता अख्खी त्यात बुडवा. आत थेंबसुद्धा जात नाही. बाटलीत हवा भरलेली आहे, ती बाहेर पडल्याशिवाय पाण्याला जागा नाही, आणि दोघांना जायला-यायला भोक एकच, ते पण सुईएवढं. आता नोझल उपटून काढा आणि परत बुडवा. गुडगुड करत बुडबुडे वर येतात आणि बाटली पिवळी होते. ऑपरेशनच्या आधी आणि नंतरच्या सायनसमधला फरक तो हाच. दार साधारण 4 मिलिमीटरच्या आसपास मोकळं झालं की पाणी आत शिरायला लागतं असं अभ्यासात दिसलंय, त्याच्या आधी कितीही नाक धुवा, नाक स्वच्छ होतं पण सायनसमधे फारसं काही जात नाही.

मग दार उघडल्यावर स्प्रे का चालत नाही? हिशोब करा ना. औषधाच्या स्प्रेचा एक फवारा म्हणजे 0.1 मिली, आणि धुवायची जी दाबायची प्लॅस्टिकची बाटली मिळते तिच्यात साधारण 240 मिली बसतं. फवाऱ्याचे कण नाकाच्या पुढच्या भागातच चिकटून राहतात. मृतदेहांच्या नाकात सीटी स्कॅनमधे दिसेल असं द्रव सोडून हे तपासलंय, दाबायची बाटली आणि जलनेतीचं भांडं दोन्ही स्प्रेपेक्षा कितीतरी पुढे. आमच्याकडे पप्पांचं भांडीबाजारातून आणलेलं तांब्याचं नेतीपात्र होतं, पण दादाला बाटलीच बरी पडली, कारण ती हाताने दाबता येते, मान फार वाकडी करावी लागत नाही.

कपाळातला सायनस मात्र हट्टी. परत बाटलीकडे या. नोझल काढलेली बाटली तोंड खाली करून सरळ पाण्यात दाबा, भोक मोठं असूनही पाणी आत जात नाही, हवा वरच अडकते. आपण उभे असताना कपाळाच्या सायनसचं दार असंच खालच्या बाजूला असतं. म्हणून डोकं पार खाली, टाळू जमिनीकडे करून धुतलं की तिथे पाणी जास्त पोचतं. पण ताज्या ऑपरेशनमधे हे आपल्या मनाने करू नका, आधी डॉक्टरांना विचारा, बाकीच्या सायनसना बेसिनवर पुढे वाकून, तोंड उघडं ठेवून, हळू दाबलं की पुरतं.

पाण्याच्या बाबतीत मी घरात सगळ्यांच्या मागे लागले. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी आपण पितो, पोटातलं आम्ल बरंच काही मारतं, नाकात ती सोय नाही. अमेरिकेत लुइझियानात 2011 मधे नळाच्या पाण्याने नेती केलेले दोन जण मेंदू खाणाऱ्या अमिबाने गेले. असं फार क्वचित होतं, पण पाणी खळखळ उकळू द्यायला एक मिनिट लागतं. मग कोमट करायचं, 240 मिलीला साधारण 2 ग्रॅम मीठ, आयोडीन नसलेलं, कारण नुसतं पाणी आत प्रचंड झोंबतं. तयार पुड्या मिळतात त्या सोप्या. बाटली रोज धुवून वाळवायची.

बाटली सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात दादा बुटाची लेस बांधायला वाकला आणि नाकातून चमचाभर पाणी फरशीवर. वॉश घेऊन तास झाला होता, तो घाबरला. ते गालाच्या सायनसमधे राहिलेलं पाणी, वाकल्यावर दारातून सांडलं, म्हणजे आत पोचलं होतं हेच उलट कळलं. पण वॉश न घेताही एकाच नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपटपत राहिलं, वाकल्यावर वाढलं, जोडीला डोकं दुखलं, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, तेव्हा वॉश थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.