एका शब्दावरून उपसलेली तलवार

इंग्लंडमध्ये पूर्वी एखाद्या धर्मगुरूची गावावर नेमणूक झाली, की पोटापाण्याची सोयही सोबत येई: कसायला चर्चची जमीन, राहायला घर आणि गावच्या पिकातला दहावा हिस्सा. या सगळ्याला मिळून नाव ‘बेनिफिस’. देवस्थान इनामाच्या जमिनी ठाऊक असलेल्या आपल्याला ही व्यवस्था चटकन कळते.

मूळ लॅटिन शब्द ‘बेनेफिशियम’. ‘बेने’ म्हणजे चांगलं, ‘फाचेरे’ म्हणजे करणं. म्हणून अर्थ उपकार. आठव्या शतकात आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागातले फ्रँक सत्ताधीश चर्चच्या जमिनी आपल्या योद्ध्यांना हयातीपुरत्या देऊ लागले. देणं हा उपकार, म्हणून हळूहळू दिलेल्या जमिनीलाच ‘उपकार’ म्हणू लागले. शब्द असा कृतीवरून वस्तूवर सरकतो, तेव्हा जुना अर्थ लगेच पुसला जात नाही. दोन्ही अर्थ शेजारी नांदतात, आणि कधीतरी भिडतात.

ऑक्टोबर 1157, आजच्या फ्रान्समधलं बेझांसों शहर. पवित्र रोमन साम्राज्याचा जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याच्या दरबारात पोप चौथा एड्रियन याचं पत्र वाचलं गेलं. तुला राजमुकुट दिला, याहून मोठी ‘बेनेफिशिया’ दिली असती तरी आनंदच वाटला असता, असा त्यातला आशय. चान्सलर रायनाल्डने जर्मनमध्ये सांगताना ‘उपकार’ न म्हणता ‘जहागिरी’ असा अर्थ लावला. म्हणजे सम्राट पोपचा मांडलिक! दरबार खवळला. त्यात पोपच्या एका दूताने विचारलं, “पोपकडून नाही, तर साम्राज्य मिळालं कुणाकडून?” सम्राटाचा सरदार ओटो फॉन विटेल्सबाख तलवार घेऊन त्याच्यावर धावला, सम्राटालाच मध्ये पडावं लागलं. पुढच्या वर्षी पोपने खुलासा केला: ‘बोनुम’ आणि ‘फाक्टुम’ यांवरून आलेला हा शब्द, अर्थ सत्कृत्य, जहागीर नव्हे. व्युत्पत्ती राजकारणात इतकी निकडीची क्वचितच झाली असेल.

जहागिरीचा अर्थ पुढे मागे पडला, चर्चचा टिकला. त्यातूनच ‘सिनेक्युअर’ निघाला. ‘क्युरा’ म्हणजे काळजी, इथे गावकऱ्यांच्या आत्म्यांची. ‘बेनेफिशियम सिने क्युरा’ म्हणजे ही जबाबदारी नसलेलं उत्पन्न. अशा ठिकाणी उत्पन्नाचा मोठा वाटा रेक्टरकडे, म्हणजे त्या जागेवर नेमलेल्या मुख्य धर्मगुरूकडे जाई, आणि गावात प्रार्थना, बारसं, अंत्यविधी सांभाळी तो व्हिकार. ‘विकारियुस’ म्हणजे बदली माणूस. ही विभागणी मला अन्यायाचीच वाटते. 1840 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये अशा जागा मोडीत काढायला सुरुवात झाली.

बेनिफिस मात्र तिथे अजून आहे. खेड्यातल्या चर्चबाहेरच्या फलकावर कधी पाच-सहा गावांची नावं एकाखाली एक दिसतात. ती सगळी मिळून एक बेनिफिस, आणि धर्मगुरू बहुतेकदा एकच.