मायक्रोग्लिया: सरसकट खलनायक नव्हेत

जन्मावेळी ऑक्सिजन कमी पडला की बाळाच्या मेंदूवर प्रतिकारपेशी तुटून पडतात, त्यांना थोपवलं की काम फत्ते, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे. मेंदूतल्या मायक्रोग्लिया या प्रतिकारपेशी गर्भातच तिथे वस्तीला आलेल्या असतात. इजेनंतर त्या दाहक रसायनं सोडतात हे खरं. पण मेलेल्या पेशींचा राडारोडाही त्याच गिळतात. उंदरांच्या पिल्लांत पक्षाघात (मेंदूचा रक्तपुरवठा तुटणं) घडवण्याआधी मायक्रोग्लिया काढून टाकल्या, तर इजा उलट वाढली! रक्तातून येणाऱ्या न्यूट्रोफिल्सची, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, गोष्ट वेगळी. त्या आधीच कमी केल्या तर पिल्लांच्या मेंदूची सूज घटते. शिवाय नुकसान एका क्षणात संपत नाही, तासा-दिवसांत पसरतं. म्हणूनच अशी इजा झालेल्या पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मानंतर 6 तासांच्या आत थंडावा सुरू करून त्याचं शरीर 72 तास 33 ते 34 अंश सेल्सिअसवर ठेवतात.