कोकेशी

ईशान्य जपानमधील तोहोकू प्रदेशात लाकूड कातून तयार करण्यात येणारी बाहुली. गोल डोके आणि दंडगोल धड एवढीच तिची घडण; हातपाय नसतात. मुली तिला तान्ह्या बाळासारखी पाठीशी बांधून खेळत.

ही बाहुली जपानच्या एदो काळाच्या (१६०३–१८६८) उत्तरार्धात उदयास आली असावी. बुन्का-बुन्सेई या कालखंडांकडे (१८०४–३०) अभ्यासकांचा सर्वसाधारण कल आहे. डोंगरात राहून वाडगी व तबके कातणारे ‘किजिशी’ हे कारागीर तिचे निर्माते होत. गरम पाण्याच्या झऱ्यांवर विश्रांतीस येणारे शेतकरी घरच्या मुलांसाठी ती विकत नेत. कातकामाचा आद्यगुरू म्हणून राजपुत्र कोरेताका (८४४–९७) याचे नाव सांगतात. ती कारागिरांची कुलकथा समजावी. आठव्या शतकातील ‘ह्याकुमान्तो’ हे कातीव लाकडी स्तूप काहीजण बाहुलीचे पूर्वरूप मानतात. त्यांवरून जपानमधील कातकाम जुने असल्याचे कळते, इतकेच.

नावाची व्युत्पत्ती विवाद्य आहे. एकाच वस्तूला गावोगावी ‘किबोको’, ‘देको’, ‘किनाकिना’ अशी निरनिराळी नावे होती. १९४० मध्ये नारुको या गरम झऱ्यांच्या गावी झालेल्या बैठकीत ‘कोकेशी’ हे नाव, तेही हिरागाना या जपानी उच्चारलिपीत लिहायचे, असे ठरले; त्यामुळे आजचे सर्वमान्य नाव तुलनेने अलीकडचे आहे. ‘को’ म्हणजे मूल आणि ‘केसु’ म्हणजे पुसून टाकणे अशी फोड करून दुष्काळात मारलेल्या अर्भकांची ही स्मृती असल्याचे सांगितले जाते. हे मत १९६० नंतर पसरले. जुन्या कागदपत्रांत त्याला आधार नाही आणि बहुतेक अभ्यासक ते नाकारतात. १८६२ च्या कातकामाच्या एका हिशेबवहीत ‘कोफुकेशी’ असा उल्लेख आढळतो. छोट्या बाहुलीसाठी रूढ असलेल्या ‘केशी’ या शब्दाशी नावाचा संबंध जोडणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

लाकूड मुख्यतः मिझुकी या झाडाचे. ते पांढरे व बारीक पोताचे असल्याने त्यावर रंग खुलतो. मेपल आणि चेरीही वापरतात. साल काढून ओंडके कित्येक महिने उघड्यावर वाळवतात, कारण ओल राहिली तर बाहुली तडकते. पूर्वी लेथ (लाकूड फिरवून कातण्याचे यंत्र) दोघे चालवीत. एकजण दोरी ओढी, दुसरा कातीत असे. मेजी काळात (१८६८–१९१२) पायाने चालणारा लेथ आला आणि काम एकट्याच्या हाती गेले. कातण्याची हत्यारे पुष्कळदा कारागीर स्वतःच भट्टीत घडवतात. पृष्ठभाग घासण्यासाठी पूर्वी ‘तोकुसा’ या वनस्पतीची खरबरीत देठे वापरीत. धडावरील वलये लेथ फिरत असतानाच कुंचला टेकवून उठवतात. चेहरा व फुले मात्र बाहुली हातात घेऊन रंगवतात. लाल व काळा हे प्रमुख रंग. शेवटी फिरत्या बाहुलीला मेण लावून झिलई देतात.

नारुको पद्धतीत डोके बसवण्याची युक्ती वेगळी आहे. धड लेथवर फिरत असताना डोक्याची मान त्याच्या खोबणीत दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने ती आत जाते व अडकून बसते. अशी बाहुली डोके फिरवल्यावर ‘क्यूक्यू’ असा आवाज करते. किजियामा पद्धतीत डोके व धड एकाच लाकडातून कातलेले असते.

कोकेशी घडवण्याच्या अशा स्थानिक पद्धती किंवा परंपरा साधारणतः अकरा मानतात. काही याद्यांत हा आकडा बारा होतो. त्सुचियू बाहुलीच्या माथ्यावर काळी वर्तुळे असतात, तोगात्ताच्या माथ्यावर लाल रेघांचा फुलोरा. नानबूची जुनी ‘किनाकिना’ रंगाविना असून तिचे डोके सैल डुलते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पत्र्याच्या व सेल्युलॉइडच्या खेळण्यांपुढे बाहुलीची मागणी घटली. याच काळात प्रौढ संग्राहक पुढे आले आणि धंदा तगला. मियागी प्रांतातील बाहुल्यांना १९८१ मध्ये शासनाने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. युद्धोत्तर काळातील ‘सोसाकु’ म्हणजे स्वतंत्र कल्पनेच्या कोकेशी या परंपरांत मोडत नाहीत.