घन जैवइंधन : उत्पादनाची देशोदेशींची तुलना

वनस्पती किंवा प्राण्यांपासून मिळणारे आणि घन रूपातच जाळले जाणारे इंधन म्हणजे घन जैवइंधन. सरपण, शेतातल्या काड्या, गोवऱ्या, बगॅस (उसाचा चोथा), भाताचा तूस, भुसा दाबून केलेली पॅलेट हे सगळे त्यात येते. कागद कारखान्यात लाकूड शिजवल्यावर उरणारा काळा द्रवही आंतरराष्ट्रीय आकडेवारीत याच खात्यात मांडतात, द्रव असूनही. विदर्भातल्या कापूसपट्ट्यात हे इंधन म्हणजे मुख्यतः पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) आणि तुराट्या (तुरीच्या काड्या). पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत जंगलातली मोळी.

देशांची तुलना टेराजूल (1,000 गिगाजूल) किंवा खनिज तेल समतुल्य टन (एक टन खनिज तेलाइतकी उष्णता, म्हणजे 41.868 गिगाजूल) या एककांत करतात. आकडे नेमके दिसतात, पण त्यांचा उगम तसा नाही. दगडी कोळसा खाणीतून निघताना काट्यावर चढतो. पऱ्हाटी शेवटच्या वेचणीनंतर उपटून धुऱ्यावर रचली जाते. मग थोडी चुलीत जाते, थोडी कुंपणाला, थोडी कुडाच्या भिंतीला, आणि बरीचशी शेतातच पेटवतात. शेतात पेटवलेली पऱ्हाटी ऊर्जा उत्पादनात धरत नाहीत, चुलीतली धरतात. पावती कुठेच फाटत नाही. म्हणून बहुतेक देश घरोघरच्या पाहणीवरून वापराचा अंदाज बांधतात आणि आयात-निर्यात वजा-मिळवणी करून तोच आकडा 'उत्पादन' म्हणून लिहितात. पाहणीची पद्धत बदलली की आलेख एका वर्षात उडी मारतो, जंगल मात्र तेवढेच असते. युरोपातल्या काही देशांतही नव्या पाहणीनंतर घरगुती लाकडाचे आकडे असे एकदम वाढले.

दुसरी अडचण उष्णतेची. वाळलेल्या लाकडात किलोमागे 16 ते 18 मेगाजूल असतात, ओल्यात त्याच्या निम्म्यापर्यंत. शिवाय हिशेब इंधनातल्या उष्णतेचा होतो, भांड्याखाली पोचलेल्या उष्णतेचा नाही. साध्या मातीच्या चुलीत दहा-पंधरा टक्केच कामी येते, बाकी धुराबरोबर जाते. त्यामुळे चुलींचा देश यादीत वर दिसतो तो श्रीमंतीमुळे नव्हे.

एकूण उत्पादनात चीन आणि भारत बराच काळ आघाडीवर आहेत. नायजेरिया, इथिओपिया, ब्राझील आणि अमेरिकाही मोठे उत्पादक आहेत. पण कारणे निरनिराळी. ब्राझीलमध्ये साखर कारखान्यांचे बगॅस, फिनलंड-स्वीडनमध्ये लाकूड व कागद उद्योग, इथिओपियात घरची चूल. चीनमध्ये घरगुती सरपण घटले. युरोपात उलट वाढ झाली, विशेषतः युरोपीय संघाच्या 2009 च्या अक्षय ऊर्जा निर्देशानंतर. ब्रिटनमधील ड्रॅक्स वीजकेंद्राने कोळशाचे संच पॅलेटवर आणले. त्यातली बरीच पॅलेट अमेरिकेच्या दक्षिण भागातून येतात, म्हणून ती ऊर्जा उत्पादन अमेरिकेचे आणि वापर ब्रिटनचा अशी नोंदली जाते.

भारतात 2011 च्या जनगणनेत ग्रामीण घरांपैकी 62.5 टक्के घरे प्रामुख्याने जळाऊ लाकडावर, 12.3 टक्के पिकांच्या अवशेषांवर आणि 10.9 टक्के गोवऱ्यांवर स्वयंपाक करत होती. 2016 ला उज्ज्वला योजना आली. तरी सिलिंडर आले म्हणजे चूल विझली असे नाही: चहा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचे पाणी चुलीवर, हे चित्र विदर्भात आजही सहज दिसते. 'मुख्य इंधन कोणते' एवढाच प्रश्न विचारणारी पाहणी अशा घराचे सरपण निम्मे हरवते.

पऱ्हाटी घराजवळ साठवण्याला कृषी विभागाचा विरोध आहे, कारण वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त राहते. 2017 च्या प्रादुर्भावानंतर हा इशारा अधिक कानावर येऊ लागला. दुसरीकडे, पऱ्हाटीचे तुकडे दाबून 'पांढरा कोळसा' करता येतो, आणि 2021 च्या केंद्रीय धोरणाने औष्णिक केंद्रांना कोळशात शेतीच्या अवशेषांची पॅलेट मिसळायला सांगितले. पूर्वी चुलीत जाणारी पऱ्हाटी अशा कारखान्याकडे वळली, तर ती पहिल्यांदाच काट्यावर चढेल आणि आकडेवारीत नवे उत्पादन म्हणून दिसू शकेल. शेत तेच, पऱ्हाटीही तेवढीच.