डर्बीत फॉर्म चालत नाही म्हणे!

एकाच शहरातले दोन क्लब समोरासमोर आले की समालोचकाच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं : "डर्बीत फॉर्म चालत नाही." गुणतक्त्यात दुसरा असलेला संघ बाराव्या क्रमांकावरच्या शेजाऱ्याशी बरोबरीत अडकला, की हे वाक्य पुन्हा एकदा सिद्ध झालं म्हणून माना डोलतात. मग इभ्रत, जिद्द, रंगाची शपथ वगैरे कारणं निघतात. गंमत म्हणजे वाक्यात तथ्य आहे, फक्त कारण भलतंच चिकटवलेलं असतं. फॉर्म फुटबॉलच्या कुठल्याच एका सामन्यात फारसा चालत नाही. डर्बीतला धक्का आपल्या लक्षात राहतो, इतर शनिवारचे विसरून जातो. डर्बी यात स्वतःची भर घालते, पण ती थोडी आणि वेगळ्याच जागी.

ती जागा कळायला आधी गोल कसे पडतात ते पाहू. समजा, तगड्या संघाकडून या सामन्यात सरासरी १.८ गोल अपेक्षित आहेत आणि दुबळ्याकडून १. हे आकडे हवेतून काढायचे नसतात. लीगमध्ये एक संघ एका सामन्यात सरासरी १.३५ गोल करतो असं धरा. तगडा संघ सरासरीच्या १.२ पट गोल करतो आणि दुबळा संघ सरासरीच्या १.११ पट गोल खातो, १.३५ × १.२ × १.११ म्हणजे जवळपास १.८. उलट बाजूने दुबळा संघ सरासरीच्या ०.९ पट गोल करतो, तगडा ०.८२ पट खातो. गुणाकार येतो १. हे गुणक काढायला पाच-सहा सामने घेतले तर आकडे साफ फसवतात, निदान अर्धा हंगाम तरी हवा. प्रत्यक्ष गोलांऐवजी संधींच्या दर्जावरून काढलेले 'अपेक्षित गोल' घेतले तर आणखी बरं, कारण खांबाला लागून बाहेर गेलेला आणि खांबाला लागून आत गेलेला फटका यांत संघाच्या ताकदीचा फरक नसतो.

आता ९० मिनिटांचे ९० तुकडे करा. १.८ गोल त्यांत वाटले की एका मिनिटाच्या वाट्याला ०.०२ येतो. म्हणजे कुठल्याही मिनिटाला तगडा संघ गोल करण्याची शक्यता फक्त दोन टक्के, न करण्याची अठ्ठ्याण्णव. सबंध सामन्यात त्याला एकही गोल न मिळण्याची शक्यता किती? ०.९८ ला ०.९८ ने गुणत जायचं, असे एकूण नव्वद ०.९८. कॅल्क्युलेटरवर उत्तर येतं ०.१६२. तुकडे आणखी बारीक केले, सेकंदांचे, त्याहून लहान, तर उत्तर ०.१६५ ला जाऊन टेकतं. या टेकलेल्या उत्तरांच्या कुटुंबाला पॉयसाँ वितरण म्हणतात. घटना दुर्मीळ, संधी पुष्कळ आणि प्रत्येक संधी आधीच्या संधीपासून स्वतंत्र, एवढ्या तीन अटी पाळल्या की ते लागू होतं.

याचं सर्वात प्रसिद्ध जुनं उदाहरण घोड्यांच्या लाथांचं आहे. लाडिस्लाउस बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञाने १८९८ साली प्रशियाच्या घोडदळात लाथ बसून मेलेल्या सैनिकांची नोंद तपासली. दहा तुकड्या, वीस वर्षं, म्हणजे २०० नोंदी आणि एकूण १२२ मृत्यू. सरासरी ०.६१. १०९ नोंदींत एकही मृत्यू नव्हता, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एका नोंदीत चार. पॉयसाँच्या सूत्राने हेच आकडे अनुक्रमे सुमारे १०९, ६६, २०, ४ आणि १ येतात. ज्या तुकडीत एका वर्षी चार जण गेले, तिथले घोडे सैतान असायची गरज नव्हती. गोल आणि लाथ यांत, गणिताच्या दृष्टीने, काही फरक नाही.

सूत्र वापरायला सोपं आहे. शून्य गोलांची शक्यता ०.१६५. तिला १.८ ने गुणलं की एका गोलाची मिळते : ०.२९८. तिला पुन्हा १.८ ने गुणून २ ने भागलं की दोन गोलांची : ०.२६८. मग १.८ ने गुणून ३ ने भागायचं, असं पुढे. दुबळ्या संघासाठी १.८ च्या जागी १ घेऊन हेच करायचं. त्याची सुरुवात ०.३६८ पासून होते. मग एका बाजूला तगड्याचे गोल, दुसऱ्या बाजूला दुबळ्याचे, असा तक्ता मांडून प्रत्येक घरात दोन शक्यतांचा गुणाकार लिहायचा. १–० च्या घरात ०.२९८ × ०.३६८, म्हणजे सुमारे ११ टक्के. कर्णावरच्या घरांची बेरीज केली की बरोबरी, एका बाजूची बेरीज तगड्याचा विजय, दुसरीची दुबळ्याचा.

बेरजा येतात अशा : तगडा जिंकेल ५६ टक्के, बरोबरी २३ टक्के, दुबळा जिंकेल २१ टक्के. जवळजवळ दुप्पट ताकदीचा संघ शंभरातल्या ४४ सामन्यांत जिंकत नाही! यात इभ्रत, जिद्द, शपथ काहीही घातलेलं नाही. नुसता गुणाकार आहे.

असं का होतं हे पाहायला बास्केटबॉल शेजारी ठेवा. पॉयसाँमध्ये चढउताराचं माप सरासरीच्या वर्गमुळाएवढं असतं. फुटबॉलमध्ये दोन संघांतला अपेक्षित फरक ०.८ गोल, आणि त्या फरकातला चढउतार म्हणजे १.८ अधिक १ याचं वर्गमूळ, सुमारे १.६७. फरकापेक्षा हा चढउताराचा गोंगाट दुप्पट मोठा. आता तेच १.८ ला १ हे प्रमाण ठेवून एकाला ४० बास्केट द्या, दुसऱ्याला २२. फरक १८, चढउतार ६२ चं वर्गमूळ, म्हणजे आठाच्या आत. इथे गोंगाटाची डाळ शिजत नाही, तगडाच जिंकतो. फुटबॉल मुळात कमी गोलांचा खेळ आहे, आणि कमी गोल हेच दुबळ्या संघाचं खरं भांडवल.

डर्बीची भर इथे पडते. शेजाऱ्याकडून हरायचं नाही, या भीतीने दोन्ही संघ मागे राहतात. टॅकल जोरात होतात, शिट्टी वारंवार वाजते, फ्री किकपाशी पाच जण रेफरीला घेरतात आणि खेळ थांबून राहतो. ९० मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो एरवीही साधारण ५५ मिनिटं. त्यातलीही काही गेली. समजा यामुळे दोन्हीकडचे अपेक्षित गोल सारख्याच प्रमाणात, ३० टक्क्यांनी घटले. १.८ चे झाले १.२६ आणि १ चा ०.७. तक्ता पुन्हा मांडा. तगड्याचा विजय ५६ वरून ५० टक्क्यांवर येतो. बरोबरी २३ वरून साडेएकोणतीस टक्क्यांवर जाते. आणि दुबळ्याचा विजय? २१ टक्केच, जवळपास होता तिथेच.

इथे एक मिनिट थांबावं. खेळ तोडून टाकणारा दुबळा संघ विजय कमावत नाही, तो फक्त तगड्याचे विजय कापून त्यांच्या बरोबऱ्या करतो. वेग कमी झाला की दुबळ्याला अनपेक्षित गोल मिळण्याची शक्यताही तेवढीच आटते. डर्बीत मागे भिंत बांधून बसणाऱ्या प्रशिक्षकाला एक गुण हवा असेल तर त्याचं गणित बरोबर आहे. तीन हवे असतील तर वेग कमी करून भागत नाही, आक्रमणाचं प्रमाणच बदलावं लागतं. सेट पीसवर, म्हणजे कॉर्नर, फ्री किक अशा थांबलेल्या चेंडूवरच्या चालींवर, इतका घाम गाळतात तो त्यासाठीच : कॉर्नरवर ताकदीतली तफावत मोकळ्या खेळापेक्षा कमी जाणवते.

पॉयसाँलाही मर्यादा आहेत. तिसरी अट, मिनिटं एकमेकांपासून स्वतंत्र असण्याची, मैदानावर ढिली पडते. ८० व्या मिनिटाला १–१ असताना दोघेही सावध होतात. ०–३ असताना हरणारा संघ फुटतो. इटलीतल्या मिलान शहराच्या डर्बीत ११ मे २००१ ला मिलान क्लबने शेजारच्या इंटरला ६–० ने हरवलं, तसले निकाल साध्या सूत्रात फार दुर्मीळ ठरतात. मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दुसऱ्या टोकाला दुरुस्ती केली : ०–० आणि १–१ हे निकाल सूत्रापेक्षा थोडे जास्त लागतात, १–० आणि ०–१ थोडे कमी, म्हणून त्या चार घरांना एक लहानसा गुणक लावायचा. लाल कार्ड निघालं की मात्र आधीचा सगळा तक्ता फाडून नवा मांडावा लागतो.

कुणी म्हणेल, आमच्या शहराच्या डर्बीत खरंच काही वेगळं घडतं. असेल, पण ते सिद्ध करायला किती सामने लागतील? तगडा संघ एरवी ४४ टक्के वेळा अडखळतो आणि डर्बीत ४८ टक्के, हा चार टक्क्यांचा फरक योगायोगापासून वेगळा काढायचा तर सुमारे ६२५ सामने हवेत. लीगमध्ये वर्षाला दोन डर्बी. म्हणजे ३१२ वर्षं. गेल्या चार डर्बींचे निकाल दाखवून 'मानसिक पकड' सिद्ध करणारे तज्ज्ञ आणि २०१० च्या विश्वचषकात आठपैकी आठ निकाल बरोबर सांगणारा पॉल नावाचा ऑक्टोपस, यांत ऑक्टोपस निदान मानधन घेत नव्हता. नाणं उडवून आठही बरोबर येण्याची शक्यता २५६ त एक आहे, आणि त्या महिन्यात जगभरात भाकितं करणारे प्राणी, ज्योतिषी आणि दुकानदार २५६ पेक्षा कितीतरी जास्त होते. चुकलेल्यांची बातमी होत नाही, इतकंच.

आता घरच्या मैदानाचा गुणक. घरचा संघ जास्त जिंकतो, याची चार कारणं सांगतात : पाहुण्यांचा प्रवास, मैदानाची सवय, प्रेक्षक आणि रेफरीवर पडणारा त्यांचा दाब. एरवी ही चारही एकात एक गुंतलेली असतात. एकाच स्टेडियमवरच्या डर्बीत पहिली दोन आपोआप बाद होतात. मिलान शहरात सॅन सिरो स्टेडियम १९२६ साली मिलान–इंटर सामन्यानेच उघडलं, आणि १९४७ पासून इंटरही तिथेच खेळू लागला. गवत तेच, खांब तेच, हॉटेलपासूनचं अंतर तेच. बदलतं ते फक्त कागदावर 'घरचा' कोण हे, आणि त्यानुसार बहुतेक तिकिटं कुणाच्या समर्थकांकडे जातात हे. प्रयोगशाळेत यापेक्षा स्वच्छ तुलना जमणार नाही.

इटलीतल्या अशा सामायिक मैदानांवरच्या डर्बींच्या अभ्यासात कागदावरच्या घरच्या संघाला फायदा दिसलाच, म्हणजे प्रेक्षकांचा वाटा खरा आहे. २०२० मध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले तेव्हा अनेक लीगमध्ये घरच्या संघाचा फायदा घटला आणि पाहुण्यांना मिळणारी पिवळी कार्डंही कमी झाली. २००३ मधल्या एका अभ्यासात फुटबॉलपटूंच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन घरच्या सामन्याआधी जास्त आढळलं, आणि कट्टर प्रतिस्पर्ध्याआधी आणखी जास्त. पण हार्मोन वाढलं म्हणून गोल वाढतो, असं त्यातून निघत नाही. गणित मांडताना नेहमीची चूक एकच : सामायिक मैदानाच्या डर्बीला घरच्या मैदानाचा पूर्ण गुणक लावणं. थोडा लावावा, पूर्ण नव्हे.

ही चूक युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या नियमातही होती. २००३ च्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत मिलान आणि इंटर भिडले. दोन्ही लढती सॅन सिरोवरच, सहा दिवसांच्या अंतराने. निकाल ०–० आणि १–१, म्हणजे नेमकी डिक्सन–कोल्सची दोन घरं. एकूण गोल समान, एकाही लढतीत विजेता नाही. अशा वेळी परक्या मैदानावर जास्त गोल केलेला संघ पुढे जायचा. पण दुसऱ्या लढतीत कागदावर इंटर घरचा होता, म्हणून मिलानचा गोल 'परक्या मैदानावरचा' ठरला आणि मिलान अंतिम फेरीत गेला. तो नियम २०२१ मध्ये रद्द झाला.