पांढरी फिंच ओळखताना आधी डोळे बघा

पक्ष्यांच्या दुकानात शुभ्र पांढरी झेब्रा फिंच दिसली की ‘अल्बिनो आहे’ असं सांगून दोन पैसे जास्त मागितले जातात. बहुतेक वेळा ती अल्बिनो नसते. नजरेत पहिल्यांदा भरतो तो पांढरा रंग, पण ओळख पटवायला त्याचाच उपयोग सगळ्यात कमी.

झेब्रा फिंच मूळची ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ मुलखातली, चिमणीहून लहान आणि राखाडी. नराच्या गालावर नारिंगी डाग, कुशीला तांबूस रंगावर पांढरे ठिपके, गळ्याखाली बारीक आडव्या रेघा आणि छातीवर काळा पट्टा. नर आणि मादी दोघांच्याही डोळ्याखालून काळी रेघ उतरते, काजळ ओघळल्यासारखी. पाळणारे तिला ‘टिअर मार्क’ म्हणतात. शेपटीच्या मुळाशी काळे-पांढरे पट्टे. म्युटेशन, म्हणजे जनुकातल्या बदलाने आलेला रंगप्रकार, ओळखायचं म्हणजे यातलं काय गेलं आणि काय उरलं हे पाहायचं.

दुकानात ‘पांढरी’ म्हणून मिळणाऱ्या फिंच मुख्यतः दोन जातकुळीच्या. पहिलीत सगळ्याच खुणा गेलेल्या असतात. टिअर मार्क नाही, शेपटीवर पट्टे नाहीत. नर-मादी ओळखायला चोच तेवढी उरते, नराची लालभडक, मादीची नारिंगी. दुसरी ‘चेस्टनट फ्लँक्ड व्हाइट’, हौशी मंडळींची सीएफडब्ल्यू. तिच्या नराला नारिंगी गाल आणि तांबूस कुशी शिल्लक असतात. मादी लांबून साफ पांढरी वाटते, पण जवळून पाहिलं की टिअर मार्क आणि शेपटीचे पट्टे दिसतात. घरट्यातल्या पिल्लांत हा फरक आणखी लवकर कळतो: सीएफडब्ल्यूच्या पिल्लाचे डोळे जन्मतः गुलाबी असतात आणि पुढे गडद होतात.

खऱ्या अल्बिनोचे डोळे मात्र जन्मभर लाल राहतात, कारण तिच्या शरीरात मेलॅनिन हे काळं-तपकिरी रंगद्रव्य कुठेच तयार होत नाही. मग दुकानातल्या बहुतेक पांढऱ्या फिंचचे डोळे काळे कसे? पिसांना मेलॅनिन पुरवणाऱ्या पेशी गर्भावस्थेत पाठीच्या कण्याजवळून निघून कातडीपर्यंत प्रवास करतात. डोळ्याच्या पडद्यामागचा काळा थर तयार होतो मेंदूच्या ऊतीपासून, जागच्या जागी. पिसांच्या वाटेवर काही बिनसलं तरी डोळ्याचं काम सुरळीत चालतं. म्हणून काळ्या डोळ्यांची पांढरी फिंच कोणी अल्बिनो म्हणून दिली तर भाव पाडून मागायला हरकत नाही.

चोचीचा हिशेब निराळा आहे. तिथला लाल रंग कॅरोटिनॉइड या पिवळ्या-लाल रंगद्रव्याचा. कांग-राळ्यातून पोटात जाणारं पिवळं कॅरोटिनॉइड शरीरातलं एक विकर (एन्झाइम) लाल करतं. म्हणून अंगाचा रंग पुरता उडाला तरी चोच लाल राहू शकते. काही फिंचमध्ये उलटा प्रकार होतो, अंग नेहमीसारखं आणि चोच पिवळी. 2016 मध्ये संशोधकांनी अशा पिवळ्या चोचीच्या फिंच तपासल्या, तेव्हा सीवायपी2जे19 हे जनुक असलेल्या जनुकसमूहात बिघाड सापडला. त्याच वर्षी लाल कॅनरीच्या रंगामागेही हेच जनुक असल्याचं दुसऱ्या अभ्यासात दिसलं. पिल्लांच्या बाबतीत मात्र चोचीवरून घाई करू नये. सुरुवातीला ती काळीच असते. पूर्ण रंग यायला साधारण तीन महिने लागतात.

फॉन म्युटेशनमध्ये राखाडी अंग बदामी होतं, काळ्या खुणा तपकिरी होतात आणि नराचे गाल नारिंगीच राहतात. हा गुण झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरचा आणि अप्रभावी आहे. पक्ष्यांमध्ये नराला दोन झेड असतात, मादीला एकच. त्यामुळे फॉन नर आणि राखाडी मादी यांची जोडी लावली तर सगळ्या माद्या फॉन निघतात आणि सगळे नर राखाडी. पण या राखाडी नरांत फॉनचं जनुक दडलेलं असतं. त्यांना ‘स्प्लिट’ म्हणतात. मादी फॉनला स्प्लिट असूच शकत नाही. ‘स्प्लिट फॉन फीमेल’ असं लिहून कोणी विकत असेल, तर त्याला एवढाच प्रश्न विचारा की दुसरं झेड आलं कुठून. सीएफडब्ल्यूचाही वारसा याच वाटेने चालतो.

जे वेगळ्या रंगाचं ते म्युटेशनच, असंही नाही. जोडीदाराने पिसं उपटलेल्या जागी कधीकधी पांढरी पिसं येतात. आहार बिघडला तरी रंग बदलतो. एकुलता पांढरा ठिपका दिसला तर पुढची पिसं झडून नवी येईपर्यंत थांबावं, आणि तरीही शंका उरली तर त्या पक्ष्याच्या पिल्लांत तो उतरतो का ते पाहावं.

आपल्याकडे याहून वाईट प्रकार चालतो. देशी मुनिया पकडून, रंगवून ‘परदेशी दुर्मीळ फिंच’ म्हणून खपवतात. असा रंग पिसांच्या टोकांना गडद आणि मुळाशी फिका असतो, कधी पायांवर, चोचीच्या कडेलाही लागलेला दिसतो, आणि पिसं झडली की उतरतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली देशी मुनिया विकणं आणि पाळणं हा गुन्हा आहे; त्यामुळे असा पक्षी ‘सोडवायचा’ म्हणूनही विकत घेऊ नये, वनविभागाला कळवावं.