ग्रीक भाषावाद

आधुनिक ग्रीसमध्ये शाळा, न्यायालय, सरकारी दफ्तर आणि साहित्य यांची भाषा कोणती असावी, यावरून अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला आणि १९७६ साली कायद्याने मिटलेला वाद. ग्रीकमध्ये त्याला ‘ग्लोसिको झितिमा’, म्हणजे भाषेचा प्रश्न, असे म्हणतात. एका बाजूला होती ‘काथारेवुसा’ ही प्राचीन ग्रीकच्या वळणावर घडवलेली, परकीय शब्द गाळून ‘शुद्ध’ केलेली लेखी भाषा. दुसऱ्या बाजूला ‘दिमोतिकी’, म्हणजे लोकांच्या तोंडची भाषा. या वादापायी माणसे मेली, सरकार पडले, प्राध्यापक निलंबित झाले आणि राज्यघटनेत कलमे घातली गेली. शब्दांवरून पेटलेले हे भांडण मुळात शिक्षण कोणाच्या वाट्याला यावे, याचे होते. म्हणूनच ग्रीक भाषा, शिक्षण, कायदा आणि संस्कृती यांचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही हा वाद टाळून पुढे जाता येत नाही.

पार्श्वभूमी

लेखी आणि बोली ग्रीकमधली दरी फार जुनी आहे. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारासच काही पंडितांनी चालू भाषा सोडून चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या अथेन्सच्या भाषेत लिहिण्याचा आग्रह धरला. बायझंटाइन काळात आणि पुढे ऑटोमन राजवटीतही चर्च आणि विद्वान जुन्या वळणाचे ग्रीक लिहीत राहिले. घराघरांतली भाषा मात्र बदलत गेली, आणि तिच्यात तुर्की, इटालियन, स्लाव्ह शब्द मिसळत गेले.

स्वतंत्र राष्ट्राची स्वप्ने पडू लागली तेव्हा प्रश्न ऐरणीवर आला. स्मर्ना येथे जन्मलेले आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेले अदामांतिओस कोराइस (१७४८–१८३३) यांनी ‘मधला मार्ग’ सुचवला. पाया बोलीचा असावा, पण तिच्यातले परके आणि ‘बिघडलेले’ शब्द व रूपे दुरुस्त करावीत, असे त्यांचे म्हणणे. कोराइस यांना प्राचीन भाषा परत आणायची नव्हती, हे आवर्जून सांगायला हवे. पुढे त्यांच्या नावावर जे खपवले गेले त्यातले पुष्कळसे त्यांचे नव्हे. १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धानंतर ग्रीक राज्य उभे राहिले, १८३४ मध्ये अथेन्स राजधानी झाली, १८३७ मध्ये तिथे विद्यापीठ निघाले, आणि या साऱ्या संस्थांनी शुद्ध भाषेचाच कित्ता गिरवला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तर सरळ प्राचीन व्याकरणाकडे परतण्याची भाषा सुरू झाली होती.

दोन भाषांतले अंतर

बोलणारा भाकरीला ‘प्सोमी’ म्हणे, शुद्ध भाषेत ती ‘आर्तोस’. पाणी घरात ‘नेरो’, कागदावर ‘इधोर’. घर ‘स्पीती’, पण कागदोपत्री ‘ईकिआ’. वाइन ‘क्रासी’ म्हणून मागायची, मात्र तिचे छापील नाव ‘ईनोस’. प्रश्न शब्दांपुरता असता तर पाठांतराने भागले असते. काथारेवुसाने बोलीतून केव्हाच गेलेली चतुर्थी विभक्ती, जुनी धातुरूपे, धातुसाधितांची लांब साखळी हे सगळे परत आणले होते. सहा वर्षांचे मूल शाळेत येई तेव्हा आईकडून शिकलेला जवळजवळ प्रत्येक शब्द त्याला चुकीचा म्हणून दाखवला जाई. वाचायला शिकण्याआधी त्याला आणखी एक भाषा शिकावी लागे, आणि ज्याच्या घरी ती शिकवणारे कोणी नसे तो मागे पडे.

तरीही काथारेवुसाला केवळ पंडितांचे खूळ म्हणणे अन्यायाचे होईल. वर्तमानपत्र (‘एफिमेरिदा’), टपाल कचेरी (‘ताखिद्रोमिओ’), सायकल (‘पोदिलातो’) अशा कितीतरी नव्या गोष्टींना जुन्या धातूंतून शब्द मिळाले ते याच परंपरेमुळे. आज ते प्रत्येक ग्रीक माणूस सहज वापरतो आणि त्यांचा उगम कोणाच्या लक्षातही येत नाही.

साहित्यातला उठाव

कवी दिओनिसिओस सोलोमोस यांनी १८२३ मध्ये लिहिलेले स्वातंत्र्यस्तोत्र लोकभाषेत आहे. त्याचीच आरंभीची कडवी १८६५ मध्ये राष्ट्रगीत ठरली. म्हणजे ज्या राज्याने लोकभाषेला शाळेत पाऊल ठेवू दिले नाही, त्याच राज्याचे राष्ट्रगीत लोकभाषेत गायले जात होते.

खरा भडका उडाला १८८८ मध्ये. पॅरिसमध्ये भाषाशास्त्र शिकवणारे यानिस प्सिखारिस (१८५४–१९२९) यांनी ‘माझा प्रवास’ हे पुस्तक संपूर्णपणे दिमोतिकीत लिहिले. बोलीला स्वतःचे नियम आहेत, ती बिघडलेले प्राचीन ग्रीक नव्हे, हा त्यांचा दावा शास्त्राला धरून होता. पण नियमांच्या हट्टापायी त्यांनी कोणी कधी न बोललेली रूपेही बनवली. त्यांच्या बाजूचे लेखकसुद्धा त्यांच्यामागे सगळ्याच बाबतींत गेले नाहीत.

एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावरचे दोन अत्यंत वाचले जाणारे लेखक तर कोणत्याच छावणीत बसत नाहीत. कथाकार पापादिआमान्दिस निवेदन शुद्ध भाषेत करतात आणि पात्रांना बेटावरच्या बोलीत बोलू देतात. कवी कावाफिस दोन्ही एकाच ओळीत मिसळतात. वादाच्या इतिहासात त्यांना फारशी जागा मिळत नाही, पण भाषेचे पुढे प्रत्यक्षात जे झाले ते त्यांच्याच वाटेने झाले, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

मुंबईचा धागा

दिमोतिकीच्या चळवळीचा एक धागा मुंबईशी जुळतो. रॅली ब्रदर्स ही ग्रीक कुटुंबाची व्यापारी पेढी मुंबईच्या कापूसबाजारातले मोठे नाव होती. या पेढीच्या नोकरीत अलेक्झांद्रोस पालिस (१८५१–१९३५) आणि आर्गिरिस एफ्तालिओतिस हे दोन लेखक इंग्लंडमध्ये आणि मुंबईतही राहिले. पालिस यांनी ‘इलियड’चे, तर एफ्तालिओतिस यांनी ‘ओडिसी’चे दिमोतिकीत भाषांतर केले. याच पेढीतले आणखी एक दिमोतिकीवादी, पेत्रोस व्लास्तोस, यांचा जन्म कोलकात्याचा. अथेन्सच्या विद्यापीठापासून आणि सरकारी नोकरीपासून दूर, व्यापारावर पोट असलेली ही मंडळी मोकळेपणाने लिहू शकली. मायदेशात तेच लिहिणाऱ्याच्या भाकरीवर गदा येई. कवी कोस्तिस पालामास अथेन्स विद्यापीठाचे सचिव होते. दिमोतिकीची बाजू घेतल्याबद्दल १९११ मध्ये त्यांना काही काळ निलंबित करण्यात आले.

रस्त्यावर रक्त

सप्टेंबर १९०१ मध्ये अथेन्सच्या ‘आक्रोपोलिस’ या दैनिकात पालिस यांनी केलेले, बायबलच्या नव्या करारातल्या शुभवर्तमानाचे दिमोतिकी भाषांतर क्रमशः छापून येऊ लागले. नवा करार मुळातच ग्रीकमध्ये लिहिलेला असल्यामुळे ग्रीक माणसासाठी त्याचे भाषांतर करायचे म्हणजे ‘तुम्हाला तुमची भाषा येत नाही’ असे तोंडावर सांगण्यासारखे होते, आणि विरोधकांना झोंबले ते हेच. मूळच्या रशियन असलेल्या राणी ओल्गा यांच्या पुढाकाराने त्याच सुमारास आणखी एक भाषांतर निघाले होते. १८९७ मध्ये तुर्कांकडून झालेल्या पराभवाची जखम ताजी, त्यात मॅसेडोनियाच्या प्रश्नावरून स्लाव्हांची भीती. तेव्हा यामागे रशियाचा डाव आहे, अशी आवई उठायला वेळ लागला नाही.

नोव्हेंबरमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले. ऑलिंपियन झ्यूसच्या मंदिराच्या खांबांपाशी प्रचंड सभा झाली आणि भाषांतरकारांना बहिष्कृत करण्याची मागणी करण्यात आली. सैन्याशी झालेल्या चकमकीत आठ जण मेले. अथेन्सच्या आर्चबिशपना पद सोडावे लागले आणि पंतप्रधान थेओतोकिस यांचे सरकार गेले. दोनच वर्षांनी, १९०३ मध्ये, एस्किलसच्या ‘ओरेस्तेइया’ नाट्यत्रयीच्या सोप्या भाषेतल्या प्रयोगावरून पुन्हा दंगल झाली. त्या वेळी विद्यार्थ्यांना चेतवण्यात प्राध्यापक मिस्त्रिओतिस आघाडीवर होते.

कायद्याचे कुंपण

१९११ च्या घटनादुरुस्तीत कलम १०७ आले. राज्यघटना आणि कायदे ज्या भाषेत लिहिले आहेत ती राज्याची अधिकृत भाषा, आणि तिला बिघडवणारा कोणताही हस्तक्षेप निषिद्ध, असा त्याचा आशय. कलमात भाषेचे नाव कुठेच नाही. कायदा स्वतःकडेच बोट दाखवतो आणि मग त्या भाषेला हात लावायला मनाई करतो. पवित्र ग्रंथाच्या भाषांतरालाही चर्चच्या परवानगीची अट घालण्यात आली. घटनादुरुस्ती घडवून आणणारे पंतप्रधान वेनिझेलोस स्वतः शिक्षणसुधारणेच्या विरोधात नव्हते, पण त्यांनी या तडजोडीला मान्यता दिली.

शाळेतली लढाई

वोलोस या बंदराच्या गावी १९०८ मध्ये मुलींची एक उच्च शाळा निघाली. तिचे मुख्याध्यापक अलेक्झांद्रोस देल्मूझोस मुलींना दिमोतिकीतून शिकवत. स्थानिक बिशपने आणि वृत्तपत्रांनी रान उठवले आणि १९११ मध्ये शाळा बंद पडली. देल्मूझोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर नाफ्प्लिओ येथे १९१४ मध्ये खटला चालला. नास्तिकपणा पसरवणे हा मुख्य आरोप होता. सर्व जण निर्दोष सुटले. मुलींना घरच्या भाषेत लिहायला शिकवणे न्यायालयापर्यंत जाऊ शकते, एवढ्यावरून त्या काळची कल्पना यावी.

१९१७ मध्ये वेनिझेलोस सरकारने देल्मूझोस, दिमित्रिस ग्लिनोस आणि मानोलिस त्रिआन्दाफिलिदिस या तिघांच्या हाती प्राथमिक शिक्षण सोपवले. खालच्या वर्गांत दिमोतिकी आली आणि नवी क्रमिक पुस्तके निघाली. त्यांतल्या ‘उंच डोंगर’ या पुस्तकात उन्हाळ्यात डोंगरावर एकत्र राहून स्वतःचा कारभार स्वतः चालवणारी मुले आहेत. १९२० च्या निवडणुकीत वेनिझेलोस हरले. नव्या सरकारने नेमलेल्या समितीने ही पुस्तके शाळांतून ताबडतोब काढून जाळून टाकावीत, असा अहवाल दिला. पुढची चाळीस-पन्नास वर्षे हेच चालले: सरकार बदलले की मुलांच्या दप्तरातली भाषा बदले. याचा सर्वाधिक भुर्दंड पडला तो अधल्यामधल्या तुकड्यांतल्या मुलांना. त्यांची सुरुवात एका व्याकरणाने होई आणि शेवट दुसऱ्याने.

एक गोष्ट मात्र टिकली. त्रिआन्दाफिलिदिस यांच्या देखरेखीखाली तयार झालेले दिमोतिकीचे व्याकरण १९४१ मध्ये बाहेर पडले. ते करून घेतले होते हुकूमशहा मेताक्सास यांच्या राजवटीने. त्याच वर्षी, जर्मन ताब्यातल्या आणि उपासमारीने गांजलेल्या अथेन्समध्ये, प्राध्यापक योआनिस काकरिदिस यांच्यावर विद्यापीठाने कारवाई सुरू केली. आपले लेखन त्यांनी पारंपरिक स्वरचिन्हांऐवजी, म्हणजे शब्दातला आघात दाखवणाऱ्या अक्षरांवरच्या वेगवेगळ्या खुणांऐवजी, एकाच चिन्हाने छापले, हा त्यांचा गुन्हा. हे प्रकरण ‘स्वरचिन्हांचा खटला’ म्हणून ओळखले जाते.

शेवट

१९६४ मध्ये योर्गोस पापांद्रेऊ सरकारने, इव्हान्गेलोस पापानुत्सोस यांच्या मार्गदर्शनाखाली, शाळेत दोन्ही भाषांना समान दर्जा दिला. १९६७ च्या लष्करी राजवटीने तो मोडून काढला आणि काथारेवुसा पुन्हा लादली. सेनाधिकाऱ्यांच्या तोंडच्या पोकळ घोषणांमुळे ही भाषा सामान्य लोकांच्या मनातून कायमची उतरली. तिची बाजू प्रामाणिकपणे मांडणाऱ्या अभ्यासकांचेही त्यामुळे नुकसान झाले.

१९७५ च्या लोकशाही राज्यघटनेत भाषेचे कलम उरले नाही. १९७६ मध्ये कायदा क्र. ३०९ ने दिमोतिकी ही शिक्षणाची भाषा ठरली. तो आणणारे शिक्षणमंत्री योर्गोस रालिस उजव्या पक्षाचे होते, म्हणून त्याला डाव्यांचा विजय म्हणण्याची सोय राहिली नाही. १९८२ मध्ये तीन स्वरचिन्हे आणि दोन श्वासचिन्हे (शब्दारंभी ‘ह’चा उच्चार आहे की नाही हे दाखवणाऱ्या खुणा) जाऊन एकच चिन्ह राहिले. त्यांनी दाखवलेले उच्चारातले भेद बोलण्यातून कित्येक शतकांपूर्वीच नाहीसे झाले होते. न्यायालये सर्वांत शेवटी हलली. दिवाणी संहिता १९८४ मध्ये, तर राज्यघटना १९८६ मध्ये दिमोतिकीत आली. संहितेतले ‘इस तोन’ असे सुटे लिहिलेले शब्दयोगी अव्यय आणि उपपद ‘स्तोन’ असे जोडून आले, तसे लोक बोलत होतेच. कलमांचा अर्थ तसाच राहिला आणि कायद्याच्या जुन्या संज्ञाही तशाच राहिल्या, कारण त्या बदलल्या असत्या तर जुने निवाडे वाचणे अवघड झाले असते.

अभ्यासातले स्थान

एकाच समाजात एका भाषेची दोन रूपे वेगवेगळ्या कामांसाठी वापरली जातात, या स्थितीला भाषाशास्त्रात ‘द्विभाषिता’पासून वेगळी अशी ‘डायग्लॉसिया’ ही संज्ञा आहे. ती ग्रीक वादातूनच आली. अमेरिकन अभ्यासक चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये ती जगभर रूढ केली तेव्हा अरबी, स्विस जर्मन आणि हैतीची क्रिओल यांच्या जोडीला ग्रीकचे उदाहरण घेतले होते. वाद मिटल्यावरही कायदा आणि कोश यांची गाठ पडतच राहिली. १९९८ मध्ये योर्गोस बाबिनिओतिस यांच्या शब्दकोशात ‘बल्गेरियन’ या शब्दाचा थेसालोनिकीच्या फुटबॉलप्रेमींना हिणवण्यासाठी होणारा वापर नोंदवलेला होता. खालच्या न्यायालयाने तो अर्थ वगळायला सांगितले; सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

चर्चची उपासना आजही जुन्या ग्रीकमध्ये चालते. पवित्र ग्रंथाचे अधिकृत भाषांतर ग्रीसच्या चर्चच्या आणि कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चच्या पूर्वसंमतीशिवाय करू नये, ही तरतूद सध्याच्या राज्यघटनेच्या कलम ३ मध्ये कायम आहे. ‘एस्तिआ’ हे अथेन्सचे जुने दैनिक अजूनही सगळी स्वरचिन्हे लावून छापले जाते.